इंजिन बांधायचे की गाडी मोडीत काढायची? मुंबईच्या एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

१/
जून लागला की मनोरीच्या खाडीकाठी मासेमारीच्या होड्या विसावतात. १ जून ते ३१ जुलै ही महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील पावसाळी मासेमारी बंदीची मुदत. या दिवसांत जाळी सांधली जातात, लाकडाला तेल-रंग लागतो, आणि ज्याच्या इंजिनाने सरत्या हंगामात दगा दिला त्या नाखव्यापुढे एक जुनाच प्रश्न उभा राहतो : हेच इंजिन पुन्हा बांधायचे, दुसरे घालायचे, की होडीच विकायची? हा प्रश्न एकट्या दर्याचा नाही. खाडीपलीकडच्या मुंबईत हजारो टॅक्सीवाल्यांनी जवळजवळ साठ वर्षे तो सोडवला, आणि प्रत्येक काळात त्याचे उत्तर वेगळे आले. हा धागा त्या उत्तरांचा.

२/
मनोरी हे गाव या प्रश्नाकडे पाहण्यासाठी सोयीचे आहे. मार्वेच्या धक्क्यावरून फेरीबोट काही मिनिटांत पैलतीर गाठते. तिच्यावर माणसे चढतात, दुचाकी चढते. चारचाकीला मात्र भाईंदर-उत्तन-गोराई असा लांबचा वळसा. गाडी बंद पडली तर तिला गॅरेजपर्यंत नेणे हाच एक स्वतंत्र खर्च. त्यातच खारा वारा. इथे गाडीचे इंजिन ठणठणीत असताना पत्रा गळून पडू शकतो. म्हणजे गाडीला एकच आयुष्य नसते, तीन असतात : पत्र्याचे, इंजिनाचे आणि कागदांचे. तिन्ही एकाच दिवशी क्वचितच संपतात. दुरुस्तीचा सगळा पेच या विसंगतीतून जन्मतो.

३/
मुंबईच्या रस्त्यावरील ज्या गाडीने हा पेच सर्वाधिक वेळा अनुभवला, तिचा जन्म कुर्ल्याचा. मोटार या देशातच तयार व्हावी असा आग्रह सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३०च्या दशकात धरला होता. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी तो विचार उचलला. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर त्यांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली. पण वसाहतीच्या सरकारला या उद्योगाची निकड वाटत नव्हती. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स लिमिटेड स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली वाहने बाहेर पडली.

४/
अमेरिकन गाड्या मोठ्या आणि पेट्रोलपिपासू. मुंबईला छोटी गाडी हवी होती. १९५०च्या दशकाच्या आरंभी प्रीमियरने इटलीतील तुरिन शहराच्या फियाट कंपनीशी करार केला. प्रथम फियाट ५०० आली, मग १९५४ पासून ११०० या मालिकेच्या गाड्या. १९६४ मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ रस्त्यावर उतरली. १९७०च्या दशकाच्या प्रारंभी परवाना-करार संपल्यावर तीच गाडी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. नाव चितोडच्या राणीचे, देह तुरिनचा, घडण कुर्ल्याची. मुंबईकर मात्र शेवटपर्यंत तिला ‘फियाट’च म्हणत राहिला.

५/
या गाडीचे हृदय म्हणजे चार सिलिंडरांचे, १०८९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचे. झडपा उघडझाप करण्यासाठी पुशरॉडची साधी रचना. इलेक्ट्रॉनिक असे काहीही नाही. कार्बुरेटर, डिस्ट्रिब्यूटर, पंप, सगळे डोळ्यांना दिसणारे आणि हाताला लागणारे. बॉनेट उघडले की मेस्तरीच्या पान्याला जागा सापडे. जे इंजिन उघडता येते तेच पुन्हा बांधता येते, आणि हे इंजिन उघडण्यासाठीच घडवले आहे असे मेस्तरींना वाटावे इतके ते सरळ होते.

६/
कारखान्याभोवती एक संपूर्ण परिसर उभा राहिला होता, हेही विसरता येत नाही. कुर्ल्याहून आग्रा रोडने, म्हणजे आजच्या लाल बहादूर शास्त्री मार्गाने, उत्तरेकडे निघाले की भांडुपला सीएटचा टायर कारखाना लागे. सीएट हे नावही मूळचे तुरिनचेच. पुढे मुलुंडला गॅब्रिएलचे शॉक अॅब्झॉर्बर तयार होत. पिस्टन, रिंगा, बेअरिंगे, स्पार्क प्लग देशातच घडू लागले. परकीय चलन वाचवण्यासाठी सुटे भाग देशी करण्याचा जो कार्यक्रम सरकारने आखला, त्याचे एक अनपेक्षित फळ म्हणजे दुरुस्ती स्वस्त झाली. भाग नाक्यावर मिळत होता, आणि तो बसवणारा त्याच्या शेजारीच बसलेला होता.

७/
आता दुसरी बाजू. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर, ज्यांचा गाड्या देशातच घडवण्याचा कार्यक्रम आहे अशाच कंपन्यांना वाव उरला. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. प्रवासी मोटारींच्या बाजारात मुख्यतः तीन नावे राहिली : कलकत्त्याजवळची हिंदुस्थान मोटर्स, मुंबईची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. किती गाड्या काढायच्या हे परवान्याने ठरे. मोटार ही चैन मानली गेल्यामुळे उत्पादन वाढवण्याची घाई कोणालाच नव्हती. नोंदणी करून ग्राहकाने कित्येक वर्षे वाट पाहायची, हा शिरस्ता झाला.

८/
किमतीही सरकारच ठरवी. १९६९ मध्ये केंद्राने मोटारींचे कमाल भाव निश्चित केले तेव्हा उत्पादकांनी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. ‘प्रीमियर ऑटोमोबाईल्स विरुद्ध भारत सरकार’ या खटल्याचा निकाल १९७१ मध्ये लागला. मोटारीची रास्त किंमत काय, याचा हिशेब देशाच्या सर्वोच्च न्यायपीठासमोर मांडला गेला. कारखान्याचा भाव बांधलेला आणि पुरवठा तोकडा असला की जे व्हायचे तेच झाले. हातात असलेली जुनी गाडी यादीतल्या नव्या गाडीहून महाग ठरू लागली. वापरल्याने वस्तूची किंमत घटते हा व्यवहाराचा साधा नियम तेथे उलटा फिरला.

९/
त्या उलट्या नियमात टॅक्सीवाल्याचा हिशेब अगदी सोपा होता. इंजिनाचे काम कितीही महाग असो, ते नव्या गाडीच्या किमतीपुढे लहानच होते. आणि नवी गाडी पैसे मोजूनही लगेच मिळत नव्हती. म्हणून प्रश्न ‘दुरुस्ती परवडेल का’ असा नसे. ‘गाडी किती दिवस उभी राहील’ असा असे. टॅक्सी दोन पाळ्यांत फिरे. पुष्कळदा दिवसा एक चालक, रात्री दुसरा. गाडी उभी राहिली की दोन चुली थंडावत. त्यामुळे मुंबईच्या मेस्तरीची खरी कीर्ती त्याच्या वेगावर ठरली.

१०/
इंजिन मरते म्हणजे नेमके काय होते? पिस्टन सिलिंडरमध्ये मिनिटाला हजारो वेळा खाली-वर धावतो. त्याच्या अंगावरील रिंगा दोन कामे करतात : वरचा स्फोटाचा दाब खाली निसटू देत नाहीत आणि खालचे तेल वर चढू देत नाहीत. लक्षावधी मैलांच्या घर्षणाने सिलिंडरची भिंत झिजते, आणि ती सारखी झिजत नाही. गोल छिद्र हळूहळू लंबगोल होते. मग दाब निसटतो, चढावर गाडी दम टाकते. तेल वर चढून जळते, मागून निळसर धूर निघतो. गाडी ‘ऑइल खाऊ लागली’ असे चालक म्हणतो तेव्हा तो या लंबगोलाचेच वर्णन करीत असतो.

११/
इथे पहिला मोह येतो. हेड उतरवायचे, झडपा घासायच्या, नव्या रिंगा घालायच्या आणि गाडी बाहेर काढायची : अर्धे काम, निम्म्याहून कमी खर्च. काही महिने सारे सुरळीत चालते. पण नवी गोल रिंग झिजलेल्या लंबगोल भिंतीला सर्वत्र टेकत नाही. फटी राहतात आणि धूर परत येतो. मग तेच इंजिन दुसऱ्यांदा उतरवावे लागते आणि मजुरी दुप्पट होते. जाणते मेस्तरी म्हणूनच आधी सिलिंडरचे माप घेत. झीज थोडी असेल तर रिंगा पुरेत. जास्त असेल तर इंजिन खाली उतरवण्याला पर्याय नसे. निर्णय अनुभवाचा वाटे, पण तो मापाचा होता.

१२/
पूर्ण काम म्हणजे ब्लॉक बोअरिंगच्या यंत्रावर चढवणे. सिलिंडर किंचित मोठे कापून पुन्हा गोल करायचे आणि त्यात तितकेच मोठे, ‘ओव्हरसाइझ’ पिस्टन बसवायचे. क्रँकशाफ्ट घासून त्याला जाड बेअरिंगे द्यायची. अशा पायऱ्या मोजक्याच. प्रत्येक वेळी भिंत पातळ होते. शेवटची पायरी संपली की सिलिंडरमध्ये लोखंडी स्लीव्ह ठोकून तो मूळ मापावर आणायचा आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. याचाच अर्थ असा, की या इंजिनाला यांत्रिकदृष्ट्या शेवट जवळजवळ नव्हताच. तोपर्यंत शेवट ठरवत होता तो मालकाचा खिसा.

१३/
तिसरी वाट बाजारातून जाई. कुर्ल्याच्या भंगार-बाजारात, चोर बाजारात, अपघातात चेपलेल्या वा गंजून संपलेल्या गाड्यांची इंजिने मिळत. पत्रा मेलेला आणि इंजिन जिवंत अशा एका गाडीचे हृदय, पत्रा जिवंत आणि इंजिन मेलेले अशा दुसरीत बसे. अडचण कागदांची. नोंदणी-पुस्तकात चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक दोन्ही लिहिलेले असतात. इंजिन बदलले तर त्याची नोंद परिवहन कार्यालयात करून घेणे कायद्याने आवश्यक. जो ही नोंद टाळी त्याची स्वस्त दुरुस्ती पुढे विक्रीच्या वेळी वा तपासणीत महाग पडे.

१४/
चौथी वाट डिझेलची. पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरातील तफावत मोठी होती, तेव्हा मरू घातलेल्या पेट्रोल इंजिनाच्या जागी डिझेल इंजिन बसवण्याची चाल टॅक्सीवाल्यांत पसरली. इंजिनाचे मोठे काम निघाले की ती इंधन बदलण्याची संधी ठरे. पुढे प्रीमियरनेही इटलीच्या एफएनएम कंपनीच्या तंत्रावर १३६६ घन सेंटिमीटरचे डिझेल इंजिन असलेली ‘पद्मिनी १३७ डी’ काढली. मालकाचा खर्च घटला. ज्या शहरातून त्या गाड्या धावत होत्या त्याच्या फुप्फुसांचा हिशेब मात्र अजून कोणी मांडला नव्हता.

१५/
जगात याला समांतर असे एक शहर आहे : क्युबाची राजधानी हवाना. १९६०च्या दशकातील अमेरिकन निर्बंधांनंतर तेथे नव्या अमेरिकन गाड्या आणि त्यांचे सुटे भाग येणे थांबले. १९५०च्या दशकातील शेवरोले, ब्युइक रस्त्यावर राहिल्या, पण त्यांच्या पोटात कालांतराने दुसऱ्याच गाड्यांची, पुष्कळदा डिझेल, इंजिने आली. पर्यटक त्यात हौस पाहतात. मुळात ती निरुपायातून आलेली विद्या होती. मुंबईची कथा तीच, फरक इतकाच की हवानाची टंचाई बाहेरून लादलेली होती आणि मुंबईची देशातल्या धोरणातून आलेली.

१६/
१४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती ८००ची किल्ली दिली गेली, तेव्हा हा उलटा नियम सुलटा होऊ लागला. १९९१ नंतर परवान्यांचे राज्य ओसरले, कंपन्या वाढल्या, कर्ज सुलभ झाले. जुनी गाडी प्रथमच खऱ्या अर्थाने जुनी झाली. खासगी मालकांनी पद्मिनी विकून टाकल्या. प्रीमियरचा भर ओसरला आणि शतक पालटताना पद्मिनीचे उत्पादन थांबले. टॅक्सीवाला मात्र तिच्याबरोबर राहिला. त्याच्यापाशी आता दुरुस्तीची सवय होती, मेस्तरी होता, आणि जुन्या भागांचा साठा होता.

१७/
पण धुराने कोर्टाची पायरी चढली होती. ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ या नागरिकांच्या संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाच्या आदेशावरून तत्कालीन परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल २००० मध्ये आला. त्यानंतरच्या आदेशांनी जुन्या टॅक्सींपुढे दोनच मार्ग ठेवले : स्वच्छ इंधन स्वीकारा किंवा रस्त्यावरून हटा. त्याच सुमारास, १ फेब्रुवारी २००० पासून, देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. इंजिनाचा प्रश्न आता मालक आणि मेस्तरी या दोघांत मिटणारा राहिला नाही.

१८/
स्वच्छ इंधन म्हणजे सीएनजी. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅसच्या पंपांवर टॅक्सींच्या रांगा लागल्या. डिकीत जाडजूड टाकी आली, प्रवाशाची वळकटी कॅरिअरवर चढली. वायू स्वस्त असल्याने रोजचा खर्च घटला. जुन्या इंजिनाचे आयुष्य जणू न्यायालयाने वाढवून दिले. मात्र या वायूला इंजिनात चांगला दाब लागतो, आणि तो कोरडा जळत असल्याने झडपा व त्यांच्या बैठकींवर ताण वाढतो. थकलेल्या इंजिनावर किट बसवले तर ओढ आणखी कमी होई. म्हणून कित्येकांना किटच्या खर्चाआधी इंजिनाचे काम काढावे लागले. एका खर्चाने दुसरा खर्च ओढून आणला.

१९/
तरीही हा खर्च का केला जाई, याचे उत्तर परवान्यात आहे. १९९७ मध्ये राज्याने नव्या टॅक्सी-परवान्यांवर बंदी घातली; ती थेट २०१७ मध्ये उठली. या वीस वर्षांत परवाना ही दुर्मीळ वस्तू झाली. गाडीची बाजारातील किंमत नगण्य, पण तिच्या आधाराने जिवंत असलेला परवाना मौल्यवान. गाडी ही त्या परवान्याची खुंटी होती. बाहेरच्या माणसाला वाटे, ‘या खटाऱ्यावर एवढा पैसा?’ मालकाला ठाऊक असे, की पैसा खटाऱ्यावर लागत नाही. मुंबईत कमावण्याच्या हक्कावर लागतो. बिहार-उत्तर प्रदेशातून वा कोकणातून आलेल्या माणसाला तो हक्क एकदाच मिळण्याजोगा होता.

२०/
दरम्यान दुरुस्तीचे अर्थशास्त्र आतून पोखरले जात होते. कारखाना बंद झाला. पिस्टन, गॅस्केट, क्रँक यांचे अस्सल भाग आटत गेले. नकली किंवा दुसऱ्या गाडीतून काढलेले भाग उरले. बोअरिंगवाल्यांकडे या मापाचे काम क्वचित येऊ लागले. इंजिन तेच, आजार तोच, औषध मात्र महागले. यातून एक नियम हाती लागतो : दुरुस्तीची किंमत त्या यंत्रापेक्षा, तेच यंत्र वापरणारे शेजारी किती आहेत यावर ठरते. गाडी लोकप्रिय असते तेव्हा तिचा प्रत्येक मालक इतरांची दुरुस्ती नकळत स्वस्त करीत असतो. एकेक जण निघून जातो तसा मागे राहिलेल्यांचा खर्च वाढतो.

२१/
मग कायद्याने घड्याळ लावले. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५९ नुसार वाहनांचे वय ठरवण्याचा अधिकार सरकारला आहे. मुंबईत २००८ मध्ये पंचवीस वर्षांवरील टॅक्सी हटवण्याचे ठरले. २०१३ मध्ये ही मर्यादा वीस वर्षांवर आली. हजारो गाड्या एका झटक्यात भंगारात गेल्या. त्यांच्या जागी सँट्रो, ओम्नी, वॅगनआर आल्या. यात एक बारीक अन्याय होता आणि एक ठोस न्यायही. वय मोजणारा नियम चांगले राखलेले इंजिन आणि धूर ओकणारे इंजिन यांत भेद करीत नाही. पण लाखो वाहनांच्या शहरात प्रत्येक इंजिनाची प्रामाणिक तपासणी होईल, असा भरवसाही कोणी देऊ शकत नव्हते.

२२/
वयोमर्यादेने दुरुस्तीचा हिशेब पुरता बदलला. पूर्वी मालक विचारी, ‘बांधलेले इंजिन किती वर्षे चालेल?’ आता त्याला विचारावे लागे, ‘गाडीची किती वर्षे उरली आहेत?’ अठरा वर्षांच्या टॅक्सीचे इंजिन बसले तर पूर्ण काम करून ते आठ वर्षे चालेल. पण रस्ता दोनच वर्षांचा. मग रिंगांचे अर्धे काम, जे एकेकाळी अडाणीपणाचे लक्षण होते, तेच शहाणपण ठरले. मेस्तरीचे ज्ञान तेच राहिले, त्याचा सल्ला उलटला. दुरुस्ती चांगली की वाईट हे यंत्रावरून ठरत नाही, पुढे किती काळ हातात आहे त्यावरून ठरते, हे मुंबईच्या टॅक्सीवाल्याने कोणत्याही ग्रंथाविना शिकून घेतले.

२३/
मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. वीस वर्षांचा हिशेब सरळ आहे : ३० ऑक्टोबर २०२३ पासून या शहरात एकही पद्मिनी अधिकृत टॅक्सी उरली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात बेस्टच्या जुन्या डिझेल दुमजली बसही निवृत्त झाल्या होत्या. एक पद्मिनी तरी संग्रहालयात जतन करावी, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने केली. त्या अखेरच्या गाडीचे इंजिन तेव्हा चालू स्थितीत होते. संपले होते ते तिचे तिसरे आयुष्य, कागदांचे.

२४/
खासगी गाडीसाठीही आता तोच हिशेब लागू होतो आहे. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपये होते, ते १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेल्या वाहन-मोडीत धोरणाने व्यावसायिक वाहनांना पंधरा आणि खासगी वाहनांना वीस वर्षांनंतर तंदुरुस्तीची चाचणी सांगितली; अधिकृत केंद्रात गाडी मोडीत दिल्यास नव्या खासगी गाडीच्या रस्ते-करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतही ठेवली. चौदा वर्षांच्या गाडीच्या इंजिनाचे काम निघाले, तर गॅरेजच्या अंदाजपत्रकाशेजारी हे आकडेही मांडावे लागतात.

२५/
साठ वर्षांच्या या अनुभवातून निर्णयाची एक पद्धत निघते. प्रथम माप : सिलिंडरचा दाब तपासून, झीज मोजून मगच काम अर्धे की पूर्ण ते ठरवणे. दुसरे, पत्रा : चेसिस गंजली असेल तर नवे हृदय मेलेल्या देहात घालण्यात अर्थ नाही. तिसरे, शेजार : त्याच गाडीचे भाग आणि तिचे जाणकार अजून किती आहेत. चौथे, कागद : कायद्याने किती वर्षे उरली. पाचवे, काम : गाडी उभी राहिली तर कोणाची चूल थंडावते. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाशी तोलणे ही सर्वांत सोपी, आणि एकटीच वापरली तर सर्वांत फसवी कसोटी. तिच्यावर चालले असते, तर मुंबईच्या निम्म्या टॅक्सी कधीच थांबल्या असत्या.

२६/
कुर्ल्याचा तो कारखाना आज नाही. त्या जमिनीवर इमारती उभ्या आहेत आणि ‘प्रीमियर रोड’ हे नाव मागे उरले आहे. मनोरीच्या काठावर मात्र पावसाळ्यात इंजिने अजून उघडली जातात. तिथे होडीचे लाकूड एका पिढीचे आणि इंजिन दुसऱ्या पिढीचे असणे यात कोणाला नवल वाटत नाही. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहण्याआधी ज्याने त्याने आपला हिशेब उरकलेला असतो : कोणी बांधले, कोणी बदलले, कोणी होडी विकली. तिघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. इंजिन तपासताना त्यांनी आपला पुढचा हंगामही तपासलेला असतो.